भिंती भरल्या, हात रिकामे

मे महिन्यात गावोगावच्या शाळा रंगवायला निघतात. दारावर फुलपाखरू, छताला पताका आणि भिंतींवर मुळाक्षरं, पाढे, फळं, भाज्या, सूर्यमाला. दोन वर्ग एकाच खोलीत बसत असतील तर तक्ते दुप्पट. खोली ‘बालस्नेही’ झाल्याची नोंद होते. मला मात्र ती भेटीला येणाऱ्या साहेबांसाठी सजवल्यासारखी वाटते.

२२ जून २०१५च्या शासन निर्णयाने ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ हा राज्याचा कार्यक्रम सुरू झाला. त्या काळात साताऱ्याच्या कुमठे बीटमधले (शाळांच्या गटातले) ज्ञानरचनावादी, म्हणजे मूल स्वतः करून शिकतं असे वर्ग पाहायला राज्यभरातून शिक्षक येत होते. परतताना अनेकांनी सोपं तेवढं उचललं, म्हणजे रंग. मूल जमिनीवर बसून काड्यांचे गठ्ठे सोडतं, चुकतं, पुन्हा मांडतं आणि बाई मध्ये पडत नाहीत, हे फोटोत कुठून येणार?

पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१४ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. बालवाडीतल्या त्याच मुलांना काही धडे सजवलेल्या खोलीत शिकवले, काही साध्या खोलीत. सजवलेल्या खोलीत ३८.६ टक्के वेळ मुलांचं लक्ष धड्यावर नव्हतं, साध्या खोलीत २८.४ टक्के. उत्तरं बरोबर येण्याचं प्रमाण अनुक्रमे ४२ आणि ५५ टक्के. मुलं अवघी २४, त्यामुळे फार मोठा निष्कर्ष काढू नये. पण रंगाऱ्याला बोलावण्याआधी थोडं थांबायला एवढं पुरे.

‘घरी एकही पुस्तक नाही, मग अक्षर दिसणार कुठे?’ हा शिक्षकांचा प्रश्न रास्त आहे. अक्षर दिसायलाच हवं. पण ऑइल पेंटचा ‘ह हत्तीचा’ पहिलीपासून चौथीपर्यंत जागचा हलत नाही आणि दुसऱ्या महिन्यापासून त्याच्याकडे कुणी बघतही नाही. त्यापेक्षा या आठवड्यात मुलांच्या बोलण्यात आलेले शब्द कागदावर लिहून त्यांच्या नजरेच्या उंचीवर लावावेत आणि वापरून झाले की काढावेत. सूर्यमाला तिचा धडा येईपर्यंत गुंडाळून ठेवली तर ग्रह काही पळून जात नाहीत.

भिंतींकडून आता हातांकडे येऊ. शिक्षणतज्ज्ञ मारिया माँटेसोरींच्या वर्गात प्रत्येक साधनाचा एकच संच असे. गुलाबी मनोरा म्हणजे १ ते १० सेंटिमीटरचे दहा ठोकळे. ते दुसऱ्याच्या हातात असतील तर थांबायचं. ही महागडी साधनं आपल्या खेड्यांना परवडणार नाहीत, हे ओळखून बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५पासून बोर्डीत शिंपले, खडे, पानं, बिया वापरल्या. त्यांनी साधनं स्वस्त केली, पण ती मुलांच्या हातातच ठेवली.

आज कित्येक शाळांत मुलांनी हाताळायचं साहित्य लोखंडी कपाटात कुलूपबंद असतं. हरवलं तर हिशेब द्यावा लागतो, ही शिक्षकांची भीती खोटी नाही. म्हणून साहेबांनीच लेखी द्यावं की वापरताना मोडलेल्या, हरवलेल्या वस्तूंची वसुली होणार नाही. आणि यंदाच्या लोकवर्गणीतून रंगाऐवजी मुलांचा हात पोचेल अशी, बिनदाराची फडताळं करून घ्यावीत. देणगीदाराचं नाव फडताळावरही लिहिता येतं.