पिंजरा काढलेला लोडर

शेणखताचे ढीग उपसणे, कोंबड्यांच्या शेडमधील गादी बाहेर काढणे, माती व मुरूम भरणे ही कामे माणसाची पाठ मोडणारी आहेत. त्याकरिता लहान लोडर यंत्रे आता गोठ्यांवर व कुक्कुटपालनाच्या ठिकाणी दिसू लागली आहेत. नवे यंत्र सर्वांना परवडत नाही. म्हणून कित्येक शेतकरी जुने यंत्र विकत घेतात अथवा भाड्याने आणतात. यात गैर असे काहीच नाही. नीट राखलेले जुने यंत्र वर्षानुवर्षे चांगले काम देते. परंतु जुन्या यंत्राबरोबर एक जुनी खोडही गावात येते आणि तिच्याविषयी स्पष्टपणे लिहिणे अवश्य वाटते. ती खोड म्हणजे चालकाच्या रक्षणाची साधने काढून टाकून यंत्र चालविणे ही होय.

एका गोठ्यावर असा लोडर पाहण्यात आला. चालकाभोवतीचा लोखंडी पिंजरा कापून काढलेला होता व तो परसात उभा करून त्यावर कारल्याचा वेल चढविलेला होता. विचारले असता मालक म्हणाले, "साहेब, गोठ्याचे दार बुटके आहे. पिंजरा ठेवला तर यंत्र आत शिरत नाही." "मग यावर बसतो कोण?" असे विचारताच ते सहज म्हणाले, "आपला सालगडी." या दोन उत्तरांत सारा प्रश्न सामावलेला आहे. सोय मालकाची झाली आणि धोका सालगड्याच्या वाट्याला आला.

या जातीच्या यंत्राचा जन्म शेतीतच झाला. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात रॉथसे या गावी सिरिल व लुई केलर या बंधूंनी 1957 साली टर्की पक्ष्यांच्या एका व्यावसायिकासाठी, अडचणीच्या जागेतील शेड साफ करण्याकरिता, तीन चाकांचा लहान लोडर तयार केला. त्यातूनच पुढे 1960 च्या सुमारास चार चाकांचे यंत्र निघाले. थोड्या जागेत फिरता यावे हा त्याच्या रचनेचा मूळ हेतू, आणि त्याचा धोकाही याच रचनेतून निर्माण होतो.

चालकाचे आसन बकेट उचलणाऱ्या दोन लोखंडी बाहूंच्या मधोमध असते. बाहू वर-खाली होताना त्याच्या खांद्याशेजारून जातात. आत-बाहेर जाण्याची वाट पुढच्या बाजूने, बकेटवरून असते. चाकांमधील अंतर कमी असल्यामुळे यंत्र जागच्या जागी वळते. परंतु त्याच कारणाने, भरलेली बकेट उंच धरून उतारावर वळविल्यास ते चटकन कलंडते. अमेरिकेतील व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य विषयक राष्ट्रीय संस्थेने 1998 साली या यंत्रांविषयी खास इशारा प्रसिद्ध केला. बाहू अथवा बकेट आणि यंत्राचा सांगाडा यांमध्ये चिरडले जाणे, तसेच यंत्र उलटणे, हीच मृत्यूची प्रमुख कारणे त्यात दाखविली आहेत.

पिंजरा नेमका यासाठीच असतो. यंत्र उलटले तर तो भार स्वतःवर घेतो. त्याच्या बाजूच्या जाळ्या चालकाचे डोके व हात बाहूंच्या मार्गात जाऊ देत नाहीत. वरून दगड वा ढेकूळ पडल्यास त्याचे छप्पर ते अडविते. परंतु पट्टा बांधला नाही तर पिंजऱ्याचा उपयोग अर्धाच होतो. कारण उलटताना चालक बाहेर फेकला जातो व त्याच पिंजऱ्याखाली सापडतो. तिसरे साधन म्हणजे मांडीवर येणारा दांडा. तो वर केला की बाहूंची हालचाल बंद पडावी, अशी सोय नंतरच्या यंत्रांत असते. आरंभीच्या यंत्रांत ती नव्हती; आणि जेथे आहे तेथेही तार जोडून ती निकामी केलेली आढळते.

पिंजऱ्याचा उपयोग हा केवळ कल्पनेचा विषय नाही. ट्रॅक्टरच्या बाबतीत स्वीडनने 1959 साली प्रत्येक नव्या ट्रॅक्टरवर असा सांगाडा सक्तीचा केला व पुढे जुन्या ट्रॅक्टरांनाही तो नियम लावला. त्यानंतर तेथे ट्रॅक्टर उलटून होणारे मृत्यू फार मोठ्या प्रमाणात घटले. चालक तेच होते, जमीनही तीच होती. यंत्रावर सांगाडा आला एवढाच फरक.

या साधनांविरुद्ध जी कारणे सांगितली जातात त्यांचाही विचार करू. दार बुटके असेल तर ते उंच करावे. गवंड्याचे दोन-तीन दिवसांचे काम एका जीवापेक्षा महाग नाही. तेही शक्य नसेल तर तो गोठा त्या यंत्राचा नव्हे, फावडे व हातगाडी यांचाच, असे समजावे. वारंवार उतरावे लागते म्हणून पट्टा नको, असे काहीजण म्हणतात; परंतु पट्टा बांधण्यास क्षणभरच लागतो. "वीस वर्षांत काही झाले नाही" हे म्हणणे तर मुळीच ग्राह्य नाही. असे म्हणू शकतो तो वाचलेला माणूसच. जो वाचला नाही तो आपली बाजू मांडण्यास येत नाही.

आणखी एक गैरसमज दूर केला पाहिजे. गावच्या वेल्डिंगच्या दुकानात चार नळ्या जोडून केलेला सांगाडा म्हणजे संरक्षक पिंजरा नव्हे. खरा पिंजरा त्या यंत्राच्या वजनाप्रमाणे आखून व कसोटीस लावून तयार केलेला असतो. त्यास छिद्रे पाडणे, तो कापून पुन्हा जोडणे यांमुळे त्याची ताकद जाते. जुने यंत्र घेताना त्याच नमुन्याचा मूळ पिंजरा मिळतो की नाही, हे आधी पाहावे. मिळत नसेल तर तो सौदा सोडून द्यावा.

अपघात झालाच तर सरकारी मदत आहे, असे कोणी म्हणेल. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत 2023 पासून अपघाती मृत्यूबद्दल 2 लक्ष रुपयांचे साहाय्य ठेवलेले आहे. परंतु ते खातेदार शेतकरी व त्याच्या कुटुंबातील एका व्यक्तीकरिता आहे. ज्या सालगड्याच्या घरी सातबाराच नाही, त्याची विधवा या योजनेत बसत नाही. म्हणून यंत्राची जबाबदारी चालकाच्या सावधगिरीवर टाकून मालकास मोकळे होता येणार नाही. पिंजरा, पट्टा व दांडा पुरविणे हे मालकाचे कर्तव्य आहे. त्यांचा वापर करणे हे चालकाचे.

रोजच्या कामात काही नियम कटाक्षाने पाळावेत. भरलेली बकेट जमिनीलगत ठेवूनच चालावे. उतारावर यंत्राची जड बाजू चढाकडे ठेवावी, म्हणजे भरलेल्या बकेटने चढताना पुढे व उतरताना मागे जावे. बकेट रिकामी असल्यास याच्या उलट करावे. उतरण्यापूर्वी बकेट जमिनीवर टेकवून इंजिन बंद करावे. उचललेल्या बाहूंखाली, त्यांना लोखंडी आधार लावल्याशिवाय, कोणीही शिरू नये. तेलाच्या नळीची गळती हाताने चाचपू नये; दाबाखालील तेल कातडीत शिरते. ती पुठ्ठ्याच्या तुकड्याने तपासावी. बकेटमध्ये उभे राहून आंबे उतरविणे किंवा मुलांना त्यात बसविणे सर्वस्वी बंद करावे. चालकास बंद बूट व कानांचे संरक्षण द्यावे, धुळीच्या कामात नाकातोंडावर मास्क द्यावा, आणि उपरणे वा सैल कपडे यंत्राजवळ येऊ देऊ नयेत.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांना विनंती अशी की, यंत्र किती ढीग उपसते याची चौकशी करताना त्यावर बसणारा किती सुरक्षित आहे हेही पाहावे. लोडर भाड्याने ठरविताना दरापूर्वी तीन प्रश्न विचारण्याची सवय गावास लावावी : पिंजरा आहे काय? पट्टा आहे काय? दांडा चालू आहे काय? यांपैकी एकाचेही उत्तर नकारार्थी आल्यास ते यंत्र बांधावरूनच परत पाठवावे. दोन-चार ठिकाणी असे झाले की मालक आपण होऊन पिंजरा बसवून आणतील. कारल्याच्या वेलास बांबूचा मांडव पुरतो. पिंजऱ्याची जागा यंत्रावर, चालकाच्या भोवतीच आहे.