उरलेली फेरी कुणाच्या पदरात?

माझा मामेभाऊ मुंब्र्यात राहतो आणि एका कंत्राटदाराकडे गाडी चालवतो. काम एकच, वैमानिकांना आणि हवाई सुंदऱ्यांना घरून उचलायचं, विमानतळावर सोडायचं आणि ड्यूटी संपली की परत आणायचं. घोडबंदर रोडच्या उंच इमारती, ठाण्यातले कॉम्प्लेक्स, कधी डोंबिवलीकडची पलावा. ईदला शिरखुर्म्याची वाटी हातात घेऊन तो म्हणाला, "आपा, महिन्याला लाखो रुपये कमावणारी माणसं मागच्या सीटवर बसून काय भांडतात माहीत आहे? माझी दुबई त्याला का दिली आणि मला पहाटे दोनची पाटणा का दिली! अगदी आमच्या नाक्यावरच्या रिक्षावाल्यांसारखं."

सगळे हसले, मीही हसले. पण शाळेत गेल्यावर स्टाफरूममधली ऑफ तासांची वही दिसली आणि हसू मावळलं. त्या वहीवरून आम्ही शिक्षकही तेच भांडण वर्षानुवर्षं भांडत आलो आहोत.

आधी वैमानिकांचं समजून घेऊ. प्रत्येक विमान कंपनी महिन्याचा रोस्टर लावते, म्हणजे कोणी कधी कुठे उडायचं याचं वेळापत्रक. पण वेळापत्रक पूर्ण कधीच टिकत नाही. कुणी आजारी पडतो, कुणाचं विमान धुक्यात अडकतं, कुणाचे कामाचे तास मर्यादेला पोहोचतात. मग काही फेऱ्या वैमानिकाविना उरतात. इंग्रजीत त्यांना 'ओपन ट्रिप' म्हणतात. मी त्यांना उरलेली फेरी म्हणते. घरी तयारीत बसवून ठेवलेले राखीव वैमानिक असतात, त्यांना फोन जातो. ते पुरले नाहीत तर ज्याची सुट्टी आहे त्यालाही जातो. तो फोन कुणाला जायचा, कोणत्या क्रमाने जायचा आणि 'नाही' म्हणायची मुभा कुणाला, एवढ्यावर सगळं भांडण आहे.

उरलेली फेरी दोन प्रकारची असते. एक मेव्याची, जिच्यात पैसे जास्त, वेळ सोयीची आणि मुक्काम चांगला. दुसरी सुट्टी खाणारी, झोप मोडणारी. मेव्याची फेरी एकाच माणसाला वारंवार मिळाली की कुजबुज होते, आणि ओझ्याची एकाच्याच गळ्यात पडत राहिली की तो माणूस आतून तुटत जातो.

आमच्या वहीची गोष्ट सांगते. नवीन लागले तेव्हा मी सगळ्यात धाकटी. कुणी शिक्षक गैरहजर असला की शिपाई एक चिठ्ठी घेऊन यायचा, सहावा तास, आठवी ब. जवळजवळ रोज चिठ्ठी माझ्याच नावाची. जेवणाची सुट्टी गेली, वह्या तपासायचा तास गेला. विचारायची हिंमत नव्हती. ज्यांच्या हातात चिठ्ठ्या लिहिणं होतं त्या बाई वाईट नव्हत्या. त्यांना 'नाही' न म्हणणारा माणूस सापडला होता, एवढंच. बारा वर्षांनी ते काम माझ्याकडे आलं. पहिल्या सहा महिन्यांत मी काय केलं? डब्यात रोज सोबत बसणाऱ्या मैत्रिणीला आठवीचे ऑफ तास दिलेच नाहीत. ठरवून नाही केलं. हात आपोआप दुसऱ्या नावाकडे वळायचा. एका तरुण सरांनी महिन्याभराच्या चिठ्ठ्या जमवून माझ्यापुढे ठेवल्या, तेव्हा मला कळलं. वही तेव्हापासून सुरू झाली. नाव, तारीख, तास, आणि आज कुणाचा नंबर, हे सगळ्यांना दिसेल असं.

म्हणून "एवढा पगार घेऊन कशाला भांडतात" हे वाक्य माझ्या तोंडून निघत नाही. शिवाय पगाराचीही एक मेख आहे. वैमानिकाची कमाई बरीचशी उड्डाणाच्या तासांवर असते. एप्रिल २०२४ मध्ये विस्तारा कंपनीची शेकडो उड्डाणं रद्द झाली किंवा रखडली, ती आठवत असतील. एअर इंडियात विलीन होण्याआधी कंपनीने नवा करार आणला होता. आधी ७० तासांच्या उड्डाणाचे पैसे पक्के असायचे, नव्या करारात ते ४० तासांवर आले. त्यापुढचं प्रत्यक्ष उडाल तसं. आता विचार करा, ७० तास पक्के असताना उरलेली फेरी दुसऱ्याला गेली तर माणूस फार तर चडफडेल. ४० तासच पक्के असतील तर त्या फेरीवर घराचा हप्ता अवलंबून असतो. फेरी वाटणाऱ्याच्या हातात मग नुसतं वेळापत्रक राहत नाही, दुसऱ्याचं ताटच येतं.

त्याआधीचं भांडण आणखी मोठं होतं. एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स २००७ मध्ये एक झाल्या, पण वैमानिक मनाने दोनच राहिले. नवीन ड्रीमलायनर विमानाचं प्रशिक्षण कुणाला द्यायचं, यावरून २०१२ च्या मे महिन्यात इंडियन पायलट्स गिल्डच्या वैमानिकांनी काम थांबवलं. ते ५८ दिवस चाललं. वरवर पाहता तिथे पगाराचा मुद्दा नव्हता. रांगेत आमच्या पुढे कोण घुसलं, हा होता.

आता डिसेंबर २०२५ कडे या. वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम १ नोव्हेंबरपासून पूर्ण लागू झाले. आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८ तास झाली आणि रात्रीच्या वेळातल्या लँडिंगची मर्यादा सहावरून दोनवर आली. नियम जाहीर होऊन जवळजवळ दोन वर्षं झाली होती. तरीही देशातली सगळ्यात मोठी कंपनी इंडिगो महिन्याभरात कोलमडली. ५ डिसेंबरला एका दिवसात हजाराहून जास्त उड्डाणं रद्द झाली. लग्नसराईचे दिवस, विमानतळांवर बॅगांचे ढीग. सरकारने संसदेत सांगितलं की दोष कंपनीच्या रोस्टरच्या नियोजनाचा होता. त्याच सरकारी यंत्रणेने त्याच कंपनीला रात्रीच्या नियमांतून काही काळ सूट दिली. वैमानिकांच्या संघटनेने त्यावर हरकत घेतली आणि माझ्या मते ती रास्त होती. ज्याने माणसं कमी ठेवली त्याला सवलत मिळाली. ज्याची झोप वाचवायला नियम केला होता, उरलेली फेरी परत त्याच्याच दारात आली.

झोपेचा विषय चैनीचा नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये नागपूर विमानतळावर पुण्याचं विमान न्यायला निघालेले एक वैमानिक दारातच कोसळले आणि गेले. त्यांना नियमापेक्षा जास्त विश्रांती मिळाली होती असं कंपनीने सांगितलं, आणि एका मृत्यूचं कारण लांबून ठरवणं मला पटत नाही. पण त्या दिवसानंतर वैमानिकांच्या थकव्याबद्दल लोक बोलू लागले, हे खरं.

आम्हा कल्याण-डोंबिवलीकरांना हे सगळं समजायला विमानात बसायची गरजच नाही. १० फेब्रुवारी २०२४ आठवा. मध्य रेल्वेच्या एका मोटरमनचा रुळांवर मृत्यू झाला होता. लाल सिग्नल ओलांडल्याबद्दलच्या कडक कारवाईच्या ताणाखाली ते होते, असं सहकारी म्हणत होते. त्या दिवशी मोटरमन अंत्यविधीला गेले आणि अनेकांनी जादा काम करायला नकार दिला. ऐंशीहून जास्त लोकल फेऱ्या रद्द. ठाण्याच्या पुलावर पाय ठेवायला जागा नव्हती. संप असा कुणी पुकारला नव्हता. माणसांनी फक्त आपली ठरलेली ड्यूटी केली आणि वरची नाकारली. तेवढ्याने गाडी अडली, म्हणजे आपली रोजची लोकल कुणाच्या तरी 'हो' वर धावत होती. आपल्याला ते ठाऊकच नव्हतं.

अमेरिकेत हा क्रम नोकरीला लागल्याच्या तारखेवर चालतो. ज्येष्ठ वैमानिक आधी निवडतो, नाताळला उडायचं ते बहुधा सगळ्यात नवीन पोरांनी. कठोर वाटतं, पण आपला नंबर प्रत्येकाला पाठ असतो. २०१७ च्या डिसेंबरसाठी अमेरिकन एअरलाइन्सच्या संगणकाने चुकून वैमानिकांना हव्या तेवढ्या सुट्ट्या मंजूर केल्या आणि १५ हजारांहून जास्त उड्डाणं वैमानिकाविना उरल्याचं संघटनेने जाहीर केलं. कंपनीने घाईने दीडपट पैसे देऊ केले. गंमत पाहा, संघटनेने जास्तीच्या पैशांवरही तक्रार केली! म्हणणं एवढंच की उरलेल्या फेऱ्या कशा वाटायच्या हे करारात लिहिलेलं आहे, तुम्ही एकट्याने बदलू नका. शेवटी बोलणी होऊन मार्ग निघाला. जुलै २०२२ मध्ये पुन्हा तशीच चूक झाली, हजारो फेऱ्या सुटल्या, आणि त्या वेळी दुप्पट पैशांवर तडजोड झाली.

पैसे मिळत असताना तक्रार कशाला, असं कुणाला वाटेल. मला त्यात आमच्याकडचा कुरा दिसतो. प्रवासाला निघताना कोणत्या पत्नीला सोबत न्यायचं हे पैगंबर (स.) कुरा टाकून ठरवत, असं हदीसमध्ये आलं आहे. हजरत मरियमचा सांभाळ कुणी करावा, हा मान होता, आणि त्यासाठी कलमं टाकली गेली. हजरत युनूस (अ.स.) यांच्या जहाजावर समुद्रात कुणाला उतरवायचं, हे ओझं होतं, तिथेही चिठ्ठीच टाकली गेली. मान आणि ओझं, दोन्हींसाठी एकच रीत. हजसाठी अर्ज करणाऱ्या आपल्या घराघरात हा अनुभव आहे. हज कमिटीच्या कुर्ऱ्यात नाव नाही निघालं की अम्मी दोन दिवस गप्प राहते, मग पुढच्या वर्षीची कागदपत्रं जपून ठेवते. पण यादीत आपल्या मागे असलेला शेजारी ओळखीने पुढे गेला, असं नुसतं कानावर आलं तर? तो सल आयुष्यभर जात नाही. ठाण्याच्या काशिनाथ घाणेकर नाट्यगृहात म्हाडाच्या कोकण मंडळाची सोडत निघते, तिथेही घर न मिळालेली हजारो माणसं मुकाट परत जातात. त्यांच्या डोळ्यांदेखत निघालेली असते म्हणून.

जाता जाता भाषेची शिक्षिका म्हणून एक गोष्ट. उर्दूत 'मेरी बारी' म्हणतात आणि पंढरपूरला विठ्ठलाच्या दारात दर्शनबारी असते. रांगेचा हक्क सांगणारा शब्द दोन्हीकडे एकच आहे.

संगणकाने फेऱ्या वाटल्या की पक्षपात संपेल, असं सांगितलं जातं. मामेभाऊ आधी ॲपवर टॅक्सी चालवायचा. तो सांगतो, "स्टँडवर निदान रांग दिसते. कुणी मध्ये घुसला तर कॉलर धरता येते. ॲपमध्ये पुढे किती गाड्या आहेत, मला सोडून मागच्याला भाडं का गेलं, काही दिसत नाही. विचारायचं कुणाला?" आमच्या कल्याण स्टेशनबाहेरची रांग ज्यांनी पाहिली आहे ते म्हणतील, तिथेही काय दिवे लावलेत! मान्य. पण तिथला अन्याय डोळ्यांना दिसतो, म्हणून त्यावर ओरडता तरी येतं.

कंपन्यांची बाजूही आहे. रात्री दोन वाजता १८० माणसं विमानात बसली आहेत, तेव्हा यादीतल्या चाळीस जणांना क्रमाने फोन करत बसायचं का? आणि वैमानिकही सगळे साधू नसतात. ओझ्याची फेरी आली की ताप येणारे आमच्या स्टाफरूममध्येही आहेत. पण याचं उत्तर क्रम मोडणं हे नाही. राखीव माणसं पुरेशी ठेवली तर फोन पहिल्या दोन-तीन नावांतच थांबतो. कुणाला सूट द्यायची ते आधीच लिहून ठेवावं. तान्हं बाळ असलेली आई, घरात अंथरुणावर असलेले वडील, यांना दर वेळी कुणाच्या मेहरबानीवर अवलंबून राहायला लागू नये. कोणत्या रात्री कुणाला विचारलं, कोण नाही म्हणालं, कुणाला पाठवलं, हे दुसऱ्या दिवशी सगळ्या वैमानिकांना वाचता यावं. आणि सुट्टीच्या दिवशी फोन न उचलणं हा गुन्हा धरू नये. एवढ्याने पैसा फार लागत नाही. लागतो तो राखीव माणसांना, आणि कंपन्या नेमकं तेच वाचवतात.

ऑफ तासांच्या वहीत आम्ही हळूहळू एक रकाना वाढवला, अदलाबदलीचा. ईदच्या आदल्या दिवशी माझा नंबर असेल तर कुलकर्णी बाई घेतात, त्यांच्या गौरींच्या दिवशी मी घेते. दोघींच्या सह्या होतात. मामेभावाला हे सांगितलं तर तो म्हणाला, मागच्या सीटवरच्या त्या दोघांनाही एकमेकांशी फेरी बदलायची होती, पण ऑफिसने कारण न देता नाकारली. हे सांगता सांगताच त्याचा फोन वाजला. ईदचा दिवस, त्याची सुट्टी. दुसरा ड्रायव्हर आला नव्हता. त्याने स्क्रीनकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि वाटीतला उरलेला शिरखुर्मा उभ्यानेच संपवला.