शाळेच्या फलकावरील दोन नावे

प्रजासत्ताक दिनाच्या पूर्वसंध्येला पद्म सन्मानांची यादी प्रसिद्ध होते आणि दुसऱ्या दिवशीचे ध्वजवंदन उरकते न उरकते तोच ठिकठिकाणच्या शाळांतून एक निराळीच धावपळ सुरू होते. यादीतील अमुक गृहस्थ आपल्या शाळेत चौथ्या इयत्तेपर्यंत होते की सहाव्या, याचा शोध जुन्या नोंदवह्यांतून घेतला जातो. प्रवेशद्वारावर अभिनंदनाचा फलक लागतो. माजी विद्यार्थ्यांची सभा भरते आणि हयात असतील त्या वृद्ध शिक्षकांना शाल पांघरली जाते. यात काही गैर आहे असे आम्हांस म्हणावयाचे नाही. ज्या संस्थेला गळक्या छपरासाठी वर्षभर अर्ज करीत बसावे लागते, तिला वर्षातून एक दिवस ताठ मानेने उभे राहता आले तर कोणी नाक मुरडू नये. प्रश्न एवढाच आहे की, राष्ट्राने विद्यार्थ्यास दिलेला सन्मान शाळेच्या खात्यावर जमेस धरावयाचा झाला, तर तो कोणत्या हिशेबाने धरावयाचा?

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यास मुंबईतील एल्फिन्स्टन हायस्कुलाइतके योग्य ठिकाण दुसरे सापडणार नाही. गव्हर्नर एल्फिन्स्टन यांच्या निवृत्तीच्या वेळी, म्हणजे १८२७ साली, मुंबईकरांनी दोन लाखांहून अधिक रुपयांचा जो निधी उभा केला, त्यातून वाढलेल्या संस्थेची ही शाखा. पुढे कॉलेज वेगळे झाले आणि मुलांची ही सरकारी शाळा आपल्या वाटेने चालू लागली. या शाळेतून पाच वर्षांच्या अंतराने दोन मुलगे मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण झाले. १९०७ साली भीमराव रामजी आंबेडकर आणि १९१२ साली चिंतामण द्वारकानाथ देशमुख. पहिल्यास १९९० मध्ये 'भारतरत्न' देण्यात आले, दुसऱ्यास १९७५ मध्ये 'पद्मविभूषण'. देशाच्या सन्मानांतील सर्वोच्च आणि त्याच्या लगतचा, असे दोन्ही मान ज्या शाळेच्या पाच वर्षांच्या मुलांत वाटले गेले, तिने फलक लावला तर तो किती मोठा असावा!

परंतु या दोन मुलांना त्या शाळेने काय दिले, हे पाहू लागले की फलकाचा रंग एकसारखा राहत नाही. देशमुख हे रोह्याच्या वकिलाच्या घरचे. विद्यापीठाच्या मॅट्रिकच्या परीक्षेत ते पहिले आले आणि संस्कृतची पहिली जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांना मिळाली. त्या काळच्या मराठी घरांत या शिष्यवृत्तीचे जे माहात्म्य होते, ते आजच्या वाचकास समजावून देणे कठीण आहे. मुलाच्या नावाच्या आधी लोक तिचेच नाव घेत. आंबेडकरांची गोष्ट याहून वेगळी. त्यांच्या वडिलांची मुलांनी संस्कृत शिकावे अशी फार इच्छा होती. पण अस्पृश्य मुलास संस्कृत शिकविण्याची शाळेतील पंडितांची तयारी नव्हती, आणि दुसरी भाषा म्हणून त्यांना फारसी घ्यावी लागली. जी विद्या एका मुलाच्या गळ्यात शिष्यवृत्तीची माळ घालीत होती, तिचे दार दुसऱ्या मुलास त्याच इमारतीत बंद होते. गणित सोडविण्यासाठी आंबेडकरांना फळ्यापाशी बोलावले, तेव्हा फळ्यामागे ठेवलेले आपले डबे बाटू नयेत म्हणून वर्गातील मुले ते उचलण्यास धावली, हा प्रसंगही याच शाळेतील. चरित्रग्रंथांतून तो इतक्या वेळा आला आहे की आपण तो आता सवयीने वाचतो.

न्यायाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ही शाळा सरकारी होती, म्हणूनच तिचे दार आंबेडकरांना निदान ढकलता आले. १८५६ साली धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेश मागितला, तेव्हा मुंबई सरकारने तो नाकारला होता. त्यावरून वरिष्ठांत बराच पत्रव्यवहार झाला आणि सर्वस्वी सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळा सर्व जातींस खुल्या असतील, असे धोरण ठरले. धोरण कागदावर होते आणि वर्गातील बाक वेगळेच सांगत होते, हे खरे. परंतु कागदावरही ते नसते तर एल्फिन्स्टनच्या पटावर हे नाव आलेच नसते. सातारच्या सरकारी शाळेबद्दलही, जी आज प्रतापसिंह हायस्कूल म्हणून ओळखली जाते, हेच म्हणता येईल. तेथे आंबेडकरांचे नाव ७ नोव्हेंबर १९०० रोजी दाखल झाले, आणि २०१७ पासून महाराष्ट्रात तो दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. 'आंबेडकर' हे आडनावही त्यांना सातारच्याच एका ब्राह्मण शिक्षकाकडून मिळाले, असे त्यांनी पुढे कृतज्ञतेने सांगितले. एका शिक्षकाने मुलाला आपले नाव द्यावे आणि दुसऱ्याने आपला विषयही देऊ नये, असा तो काळ होता.

मॅट्रिकचा अभ्यास मात्र ना सातारच्या शाळेत झाला, ना एल्फिन्स्टनच्या. तो झाला परळच्या डबक चाळीतील एका खोलीत. माणसांनी आणि सामानाने भरलेल्या त्या खोलीत मुलाने संध्याकाळीच झोपावे, रात्री दोनच्या सुमारास वडिलांनी त्यास उठवावे आणि पहाटेपर्यंत चिमणीच्या उजेडात वाचन चालावे, असा क्रम होता. मुलगा उत्तीर्ण झाला तेव्हा सत्काराची सभा भरली. तिचे अध्यक्ष सी. के. बोले होते, आणि मुलास स्वतःचे बुद्धचरित्र भेट देणारे कृष्णराव अर्जुन केळुसकर हे विल्सन हायस्कुलातील शिक्षक होते. चर्नी रोडच्या बागेत नेमाने वाचीत बसणाऱ्या मुलाची चौकशी त्यांनी आपण होऊन केली होती. पुढे सयाजीराव महाराजांकडून दरमहा पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती मिळण्यासही केळुसकरांचीच खटपट कारणी लागली. म्हणजे ज्या शिक्षकाने या विद्यार्थ्यास ओळखले, तो त्याच्या शाळेचा नव्हताच. फलक लावावयाचा तर तो विल्सन हायस्कुलानेही लावावा काय? आमच्या मते, सर्वांत रास्त हक्क त्या बागेतील बाकाचा आहे.

देशमुखांचे श्रेय यामुळे उणे होत नाही. त्यांनी मिळविले ते स्वतःच्या बुद्धीवर मिळविले आणि सोडले ते स्वतःच्या निश्चयाने सोडले. १९४३ साली ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले, १९४४ साली ब्रेटन वुड्सच्या परिषदेस गेले आणि १९५० च्या जूनमध्ये केंद्राचे अर्थमंत्री झाले. ज्या रुपयाची घडी त्यांच्या हाती आली, त्याच रुपयाच्या प्रश्नावर त्यांच्या शाळेतील वडील विद्यार्थ्याने १९२३ साली लंडनमध्ये प्रबंध प्रसिद्ध केला होता, आणि पुढे हिल्टन-यंग आयोगापुढे साक्षही दिली होती. १९५० च्या जूनपासून १९५१ च्या सप्टेंबरपर्यंत हे दोघे एकाच मंत्रिमंडळात बसत होते. एक अर्थमंत्री, दुसरा कायदामंत्री. दोघांनीही राजीनामे दिले. आंबेडकर हिंदू कोड बिलाच्या प्रश्नावर बाहेर पडले, देशमुख १९५६ साली मुंबईच्या. संयुक्त महाराष्ट्राच्या त्या दिवसांत चिंतामणरावांच्या राजीनाम्याने मराठी मनास जो आधार दिला, त्याची आठवण आमच्या पिढीस सांगावी लागत नाही. नव्या पिढीस सांगावी लागते, म्हणून येथे सांगितली. आणखी एक योगायोग असा की, देशमुखांचा जन्म महाडजवळच्या नाते गावचा, आणि ज्या तळ्याच्या पाण्यासाठी आंबेडकरांना १९२७ साली सत्याग्रह करावा लागला ते तळे महाडचेच.

आता राष्ट्राकडे वळू. शाळेने हिशेब द्यावा असे म्हणताना शासनाचा हिशेब झाकून ठेवणे बरे नव्हे. 'भारतरत्न' १९५४ च्या जानेवारीत स्थापन झाले. आंबेडकर ६ डिसेंबर १९५६ रोजी निवर्तले. मधल्या जवळजवळ तीन वर्षांत राज्यघटनेच्या मसुदा समितीच्या अध्यक्षाची आठवण कोणास झाली नाही. त्याच मुदतीत, १९५५ साली, पंतप्रधान नेहरूंना तो सन्मान मिळाला. मरणोत्तर सन्मान देण्याची वाट १९५५ मध्ये मोकळी झाली होती आणि १९६६ मध्ये लालबहादूर शास्त्रींसाठी तिचा उपयोगही झाला. तरीही आंबेडकरांसाठी दिल्लीत सत्ता पालटावी लागली, आणि १४ एप्रिल १९९० रोजी, मृत्यूनंतर तेहेतीस वर्षांनी, सविता आंबेडकरांनी राष्ट्रपतींच्या हातून तो स्वीकारला. शाळेच्या पंडिताने जे केले ते त्या काळाच्या समजुतीने केले, असे म्हणून आपण त्यास सोडतो. स्वतंत्र भारताच्या सरकारांस ती सबब लागू पडते काय?

सन्मान आणि सत्ता यांचा हा संबंध पुढेही सुटलेला नाही. एका वर्षी तीनांपेक्षा अधिक 'भारतरत्ने' देऊ नयेत, असा दंडक आहे. २०२४ साली ती पाच दिली गेली. कर्पूरी ठाकूर, लालकृष्ण अडवाणी, चरणसिंग, नरसिंह राव आणि स्वामिनाथन या पाचांपैकी चौघे हयात नव्हते. त्यांपैकी कोणाच्याही योग्यतेबद्दल आम्ही येथे वाद घालीत नाही. परंतु ते निवडणुकीचे वर्ष होते, आणि कोणते नाव कोणत्या प्रांतातील मतदारास उद्देशून आहे याची चर्चा नाव जाहीर झाल्या दिवशीच सुरू झाली होती. आचार्य कृपलानींनी १९६९ साली असले सन्मान बंद करण्याचे विधेयक लोकसभेत आणले होते, ते फेटाळले गेले. १९७७ साली जनता सरकारने ते बंद केले, १९८० मध्ये ते पुन्हा सुरू झाले. १९९५ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की हे सन्मान म्हणजे घटनेच्या अठराव्या अनुच्छेदाने रद्द केलेल्या पदव्या नव्हेत, आणि म्हणूनच ते नावाच्या मागेपुढे लावता येणार नाहीत. आमच्या शाळांच्या फलकांवर 'पद्मश्री अमुक' असे ठळक अक्षरांत लिहिलेले असते, ते या निर्णयाच्या विरुद्ध आहे, हे जाता जाता मुख्याध्यापकांच्या कानावर घालून ठेवतो. देशमुखांना १९४४ साली ब्रिटिशांनी 'सर' केले होते. ती पदवी आणि हा सन्मान यांत फरक आहे, असे न्यायालय म्हणते. तो आपण वागण्यात दाखविला पाहिजे.

आणि तरीही शाळेचा विषय सोडून देता येत नाही. राष्ट्राचा सन्मान माणसास साठीसत्तरीत मिळतो, कधी मेल्यावर मिळतो. शाळा त्यास दहाव्या वर्षी भेटते. त्या वयात जे मिळते वा नाकारले जाते, त्याची भरपाई पुढे पदकाने होत नाही. आंबेडकर पुढे स्वतःच्या कष्टाने संस्कृत शिकले. १९४९ च्या सप्टेंबरात घटना समितीत संस्कृत ही संघराज्याची राजभाषा असावी अशी दुरुस्तीसूचना आली, तेव्हा तिच्या पुरस्कर्त्यांत त्यांचे नाव होते. ज्या मुलास संस्कृतच्या वर्गात बसू दिले नाही, त्याने ती भाषा साऱ्या देशाची व्हावी असे म्हटले! याचे श्रेय एल्फिन्स्टन हायस्कुलाकडे जाते, असे कोणी म्हणू धजणार नाही.

आजच्या शाळांत पंडितांचा तो सोवळेपणा उघडपणे चालत नाही. पण विषय नाकारले जातातच. विज्ञानास शिक्षक नाही म्हणून, प्रयोगशाळा कुलुपात आहे म्हणून, शुल्क भरले नाही म्हणून, किंवा 'तुला ते झेपणार नाही' असे कोणी सहज म्हणाले म्हणून. मुंबईत मराठी माध्यमाच्या शाळा एकामागून एक मिटत आहेत, आणि ज्यांच्या घरी शिकविणारे कोणी नाही अशा मुलांना जवळची, बिनखर्चाची शाळा हीच एक वाट असते. आपल्या मुलांना आपण अशा शाळांत घालीत नाही, हे या पत्राच्या वाचकांना आम्ही सांगावयास नको. ती मुले उद्या काय होतील हे कोणत्याही यादीत आगाऊ लिहिलेले नसते. १९०७ मध्येही ते कोणास दिसले नव्हते, केळुसकरांचा अपवाद सोडला तर.

म्हणून फलक लावणाऱ्या शाळांना आमची एक साधी सूचना आहे. सन्मानाचे नाव व वर्ष लिहिताना त्या विद्यार्थ्याचे शाळेत कोणते विषय होते आणि ते त्याने निवडले होते की त्याच्यावर आले होते, हेही पटावरून पाहून लिहावे. जुन्या नोंदवह्या त्यासाठी काढाव्याच लागतात. एल्फिन्स्टनच्या बाबतीत ती नोंद अशी होईल : आंबेडकर, मॅट्रिक १९०७, दुसरी भाषा फारसी, संस्कृत नाकारल्यामुळे; देशमुख, मॅट्रिक १९१२, संस्कृत, जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती.