जामीन म्हणजे निकाल नव्हे!

फसवणुकीच्या गुन्ह्यातील एखाद्या बड्या आरोपीला जामीन मिळाल्याची बातमी ज्या दिवशी छापून येते, त्या दिवशी अमरावतीच्या राजकमल चौकात काय किंवा अकोल्याच्या टिळक रोडवर काय, चहाच्या टपरीवर एकच वाक्य ऐकू येते : "सुटला नं भाऊ थो!" त्या घोळक्यात निवृत्तीची पुंजी बुडालेले कोणी गुरुजी असले, तर ते हळूच विचारतात, "मंग आमचे पैसे कवा भेटतीन?"

यातले पहिले वाक्य चुकीचे आहे. जामिनावर बाहेर आलेला माणूस सुटलेला नसतो; त्याचा खटला अजून चालायचा असतो. गुरुजींचा प्रश्न मात्र अगदी खरा आहे. दुर्दैव एवढेच, की तो चुकीच्या दारात विचारला जातो.

जामिनाच्या अर्जावर न्यायाधीश गुन्हा शाबीत झाला की नाही, हे ठरवीत नाहीत. ते पाहतात ते एवढेच : आरोपात सकृद्दर्शनी तथ्य आहे काय? आरोपी पळून जाईल काय? पुरावा नष्ट करील, साक्षीदारांवर दडपण आणील काय? आणि त्याला आत ठेवल्याशिवाय तपास अडतो काय? फसवणूक आणि बनावट दस्तऐवजांच्या प्रकरणांत या शेवटच्या प्रश्नाला फार महत्त्व असते, कारण इथे मुख्य साक्षीदार असतो कागद. खोटे खरेदीखत पोलिसांनी जप्त केले, सह्यांचे नमुने घेऊन हस्ताक्षरतज्ज्ञाकडे पाठविले, दुय्यम निबंधकाकडची नोंद ताब्यात घेतली, की आरोपी घरी असला काय नि तुरुंगात असला काय, तो कागद बदलत नाही. म्हणूनच पहिल्या आठवड्यात ज्याचा अटकपूर्व जामीन फेटाळला जातो, त्यालाच दोषारोपपत्रानंतर जामीन मिळतो. लोक म्हणतात, 'काहीतरी सेटिंग झाले.' बहुतेक वेळा झालेले असते ते एवढेच, की तपासाची गरज संपलेली असते. उलट बनावट शिक्के सापडायचे आहेत, पैसा कुठे गेला ते कळायचे आहे, जोडीदार फरार आहेत, अशा वेळी न्यायालय हात आखडता घेते आणि ते योग्यच आहे.

कलमांचाही यात मोठा वाटा असतो. साध्या चारसोबीसीला जास्तीत जास्त सात वर्षांची शिक्षा. अशा गुन्ह्यांत सबळ कारण नोंदविल्याशिवाय सरसकट अटक करू नका, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली बजावले आहे. पण फिर्यादीत मौल्यवान दस्तऐवज बनावट केल्याचे कलम आले, की शिक्षा जन्मठेपेपर्यंत जाते. हे जुने ४६७ कलम. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या न्याय संहितेत ते ३३८ झाले. मग दंडाधिकाऱ्यांचे हात बांधले जातात, अर्ज बहुधा सत्र न्यायालयात आणि तेथून नागपूर खंडपीठापुढे जातो. दोषारोपपत्र दाखल करण्याची मुदतही साठ दिवसांची नव्वद होते. त्या मुदतीत ते आले नाही, तर जामीन हा आरोपीचा हक्कच ठरतो. ज्याला आपण न्यायालयाची ढिलाई म्हणतो, ती पुष्कळदा तपासाची ढिलाई असते.

आणि कलम लावले म्हणजे ते लागतेच असेही नाही. आपल्याकडे शेताच्या व्यवहारात हा प्रकार नेहमीचा. भावकीतली जमीन एकाच भावाने आपली म्हणून विकली, की बाकीचे 'खोटा दस्तऐवज' म्हणून फिर्याद देतात. सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली बिहारच्या एका खटल्यात सांगितले, की स्वतःच्या नावाने, स्वतःच्या सहीने करून दिलेले खत, जमीन त्याची नसली तरी, 'बनावट दस्तऐवज' होत नाही. विकत घेणाऱ्याची फसवणूक झाली असेल. पण तो गुन्हा वेगळा. दिवाणी भांडणाला फौजदारी कपडे चढविले जातात, तेव्हा जामीन हेच माणसाचे पहिले संरक्षण असते.

२०२५ साली जन्माच्या उशिरा नोंदींच्या कागदपत्रांवरून अकोला-अमरावतीकडे गुन्हे दाखल झाले. अशा कोणत्याही प्रकरणात खोटा कागद तयार करणारा, त्याचे पैसे खाणारा दलाल आणि तो हाती धरून रांगेत उभा राहिलेला अडाणी माणूस यांना एका मापाने मोजता येत नाही. न्यायालयाने कोणाची भूमिका काय, हे पाहायचे असते ते याचसाठी.

आरोप आणि सत्य यांतले अंतर महाराष्ट्राने फार पूर्वी पाहिले आहे. पुण्याच्या बाबा महाराजांच्या मृत्युपत्राचे जे विश्वस्त होते, त्यांत लोकमान्य टिळक होते आणि आपल्या अमरावतीचे दादासाहेब खापर्डेही होते. त्यातून उभ्या राहिलेल्या ताई महाराज प्रकरणात टिळकांवर खोटी साक्ष, खोटा पुरावा, बनावट दस्तऐवज असे आरोप ठेवले गेले. ऑगस्ट १९०३ मध्ये दंडाधिकाऱ्याने त्यांना खोट्या साक्षीबद्दल दीड वर्षाची सक्तमजुरी ठोठावली. सत्र न्यायालयाने ती सहा महिन्यांवर आणली, पण दोषी धरलेच. टिळक तुरुंगात गेले आणि उच्च न्यायालयाने जामीन दिल्यावर बाहेर आले. मार्च १९०४ मध्ये त्याच उच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष ठरविले. दोन न्यायालयांनी अप्रामाणिक ठरविलेला माणूस तिसऱ्या न्यायालयात प्रामाणिक ठरू शकतो. जामीन आहे तो या शक्यतेसाठी.

पण म्हणून गुरुजींचे काय? २०१३ साली नागपूरच्या श्रीसूर्या समूहाचे प्रकरण उघडकीस आले, तेव्हा जादा परताव्याच्या आशेने ठेवी ठेवणाऱ्या अमरावती-अकोल्याच्या घरांतही चूल पेटेनाशी झाली. नागपूर जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेचा सुमारे दीडशे कोटींचा रोखे घोटाळा २००२ मधला. शेतकऱ्यांच्या या बँकेच्या खटल्याचा निकाल लागला २२ डिसेंबर २०२३ रोजी! तत्कालीन अध्यक्ष आणि पुढे मंत्री झालेले सुनील केदार यांच्यासह सहा जणांना शिक्षा झाली. ९ जानेवारी २०२४ रोजी केदार यांना नागपूर खंडपीठाकडून जामीनही मिळाला. अपील अजून पुढेच होते. एकवीस वर्षे खटला चालणार असेल, तर लोकांनी जामिनालाच निकाल समजावे, यात त्यांचा तरी काय दोष? आरोपी आत गेला ते काही महिने, एवढीच शिक्षा त्यांना डोळ्यांनी दिसते.

सर्वोच्च न्यायालयाचाही सूर इथे एक राहिलेला नाही. २०११ साली टू-जी प्रकरणातील कंपनी अधिकाऱ्यांना जामीन देताना त्याने म्हटले, की जामीन नाकारणे ही शिक्षा होऊ शकत नाही. दोनच वर्षांनी जगनमोहन रेड्डींच्या प्रकरणात मात्र आर्थिक गुन्हे हा वेगळाच वर्ग आहे, असे सांगून जामीन नाकारला.

मग एक मधला रस्ता निघाला : 'इतके लाख भरा आणि जा.' ऐकायला तो गोड वाटतो. पण यात पैसेवाला सुटतो आणि नसलेला आत कुजतो. शिवाय हमी देऊन बाहेर पडायचे नि मग हात वर करायचे, हेही होऊ लागले. महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका अपहाराच्या प्रकरणात पंचवीस लाख भरण्याची हमी देऊन आरोपी सुटला आणि नंतर त्याने शब्द फिरविला. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगून टाकले, की असल्या हमीवर जामीन देऊ नका. अर्जाचा निकाल गुणदोषांवरच करा.

माझ्या मते हेच बरोबर आहे. पैसे वसूल करण्याची जागा वेगळी आहे. ठेवीदारांच्या संरक्षणासाठी महाराष्ट्राने १९९९ साली कायदा केला. २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने तो वैधही ठरविला. त्यात आरोपीची मालमत्ता जप्त करून, विकून ठेवीदारांना पैसे देण्याची सोय आहे. मोर्चे काढायचे तर ते या कामासाठी काढावेत. जप्ती का रेंगाळली, लिलाव का होत नाही, खटल्यात तारखांमागून तारखा का पडतात, हे प्रश्न दर महिन्याला विचारावेत. जामीन नाकारल्याच्या आनंदात पेढे वाटून काही हाती लागत नाही. तुरुंगाच्या भिंतीतून व्याज झिरपत नाही.

पुढच्या वेळी टपरीवर कोणी म्हणाले, "सुटला नं भाऊ थो", तर त्याला सांगावे, सुटला नाही, तारखेला येणार आहे. आणि गुरुजींना सांगावे, तुमचा प्रश्न सोडू नका. फक्त तो विचारायचे दार बदला.