फोन वडिलांचा, बोट मुलीचे

जालना रस्त्यावरच्या करमाडसारख्या गावात अनेक घरांत चांगला फोन एकच असतो. शेंद्र्याच्या कारखान्यातून किंवा शेतातून वडील घरी आले, की तो मुलांच्या हाती जातो. सिम वडिलांचे, खातेही त्यांचेच. त्यामुळे कंपनीला तिथे दिसतो तो चाळिशीतला ग्राहक. पडद्यावर फिरणारे बोट मात्र दहा वर्षांच्या मुलीचे असते.

मुलांना जपू पाहणारा कायदा नेमका इथे अडखळतो. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा १८ वर्षांखालील प्रत्येकाला मूल मानतो. त्याची माहिती वापरण्याआधी पालकांची पडताळलेली संमती हवी; त्याच्यावर पाळत ठेवून जाहिराती दाखवण्यास मनाई आहे. दंड २०० कोटी रुपयांपर्यंत. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. मुख्य बंधने त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होतील. पण हे सारे मुलाचे स्वतःचे खाते गृहीत धरते.

ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५ पासून १६ वर्षांखालील मुलांना समाजमाध्यमांवर खाते ठेवण्यास बंदी केली. वडिलांच्या खात्यावर बसलेले मूल त्या चाळणीतूनही निसटतेच.

आवेगाला लगाम घालणारा मेंदूचा पुढचा भाग विशीच्या मध्यापर्यंत घडत असतो. ज्या व्हिडिओवर बोट थांबते, तसेच व्हिडिओ ॲप पुढे आणते. भीतीनेही बोट थांबते. ॲपला ती आवडच वाटते. अपायकारक मजकूर मुलापर्यंत पोचू नये म्हणून वापरावर लक्ष ठेवण्याची मुभा भारतीय नियमांत आहे. पण मुभा म्हणजे सक्ती नव्हे. म्हणून आधी सर्वांसाठी सुरक्षित मांडणी आणि प्रौढांसाठीचा मजकूर मागितल्यावरच, असा उलटा क्रम कायद्याने लावायला हवा.

पोक्सो कायद्याची बाजू अधिक भक्कम आहे. मुलांच्या लैंगिक शोषणाची चित्रफीत पाहणे, साठवणे हाही गुन्हा ठरू शकतो, असे सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केले. अशी फीत ‘सावध राहा’ म्हणत गटावर पुढे ढकलू नये. १९३० किंवा १०९८ वर कळवावे.

सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगावने २०२२ मध्ये संध्याकाळी सातला भोंगा वाजवून दीड तास टीव्ही आणि फोन बंद ठेवायला सुरुवात केली. त्या नियमाला खाते कुणाचे, हे विचारावे लागत नाही. मोठ्यांचा फोनही तेव्हा बंदच असतो.