मलिंगारचे पिंप आणि बाटलीची किंमत

आयर्लंडच्या मध्यभागी, वेस्टमीथ परगण्यात मलिंगार नावाचे गाव आहे. तेथे नोकरीस असलेल्या आमच्या भाच्याने मागल्या महिन्यात निरोप धाडला, "मामा, स्टेनलेस स्टीलचे पिंप घ्यायचे आहे. कोणते घेऊ, तुम्ही सांगा." आम्हांस वाटले, पिण्याच्या पाण्यासाठी असेल. महाराष्ट्रातल्या स्वयंपाकघरात तोटीचे पिंप असते तसे काही त्यास हवे असावे. दुसऱ्या निरोपात उलगडा झाला. पिंप हवे होते ते घरी बियर आंबवण्यासाठी.

ही गोष्ट घरात कळली आणि आमच्या मातोश्रींनी एकच शब्द उच्चारला, "तिलांबिक!" उसाच्या शेतांआड चोरून गाळल्या जाणाऱ्या रमचे हे आपल्या बेटावरचे नाव ज्या पिढीने लहानपणी कानांवर घेतले, त्या पिढीला घरची दारू म्हटली की पोलीस आणि रडारड एवढेच आठवते. त्यात त्यांचे काही चुकत नाही. पण भाच्याचा प्रश्न वेगळा होता, आणि त्याच्यामागे आज युरोपात चाललेली एक मोठी गोष्ट उभी आहे. म्हणून या आठवड्यात या पानावर त्याच प्रश्नाचा विचार करावयाचे आम्ही ठरविले.

प्रथम मातोश्रींच्या भीतीबद्दल. आंबवणे आणि गाळणे या दोन भिन्न क्रिया आहेत. आपल्या घरी आंबोळीचे पीठ रात्रभर फुगते ते आंबवणे. जवाला मोड आणून केलेल्या माल्टचे गोड पाणी यीस्ट घालून ठेवले की बियर होते, तेही आंबवणेच. भट्टी लावून त्याची वाफ धरली की ते गाळणे. मुंबईच्या मालाडजवळील मालवणी भागात जून २०१५ मध्ये शंभराहून अधिक माणसे विषारी दारूने मेली. त्या दारूत मेथॅनॉल होते, जवाच्या पाण्यात यीस्टने केलेली बियर नव्हे. घरची बियर बिघडली तर आंबट होते, वास मारते, ओतून द्यावी लागते. तिने डोळे जात नाहीत.

कायदेही हाच भेद करतात, मात्र सर्वत्र नाही. आयर्लंडमध्ये स्वतःच्या घरी, स्वतःच्या पिण्यापुरती बियर करण्यास परवाना लागत नाही आणि त्यावर अबकारी करही नाही. ती विकता मात्र येत नाही. गाळण्याला परवाना हवाच. मलिंगारच्या दक्षिणेस किलबेगन येथे १७५७ पासूनची व्हिस्कीची जुनी भट्टी आहे, ती रीतसर परवान्याची. तेथल्या एखाद्या शेतकऱ्याने गोठ्यामागे तेच केले तर गुन्हा. आपल्या पूर्वजांच्या मुलखात, म्हणजे रत्नागिरीकडे, गोष्ट निराळी. महाराष्ट्रात १९४९ चा मद्यनिषेधाचा कायदा आजही उभा आहे. परवान्यावाचून दारू करणे, मग ती बियर का असेना, त्या कायद्याने गुन्हा ठरतो. तेव्हा भाचा मलिंगारला बिनधास्त जे करतो ते त्याने आजोळच्या गावी जाऊन करू नये, हे त्यास आम्ही आधी कळविले.

आता त्या मोठ्या गोष्टीकडे वळू. ४ जानेवारी २०२२ पासून आयर्लंडने दारूला किमान किंमत बांधून दिली. दारूतल्या शुद्ध मद्यार्काच्या दर ग्रॅममागे दहा सेंट, याहून कमी दराने कोणासही विकता येत नाही. पाच टक्के मद्यार्काचा अर्ध्या लिटरचा डबा घ्या. त्यात सुमारे २० ग्रॅम मद्यार्क असतो, म्हणजे तो १ युरो ९७ सेंटच्या खाली मिळणार नाही. हा कर नव्हे, हे ध्यानात घ्यावे. वाढलेला पैसा सरकारच्या तिजोरीत न जाता बराचसा दुकानदाराच्या गल्ल्यात राहतो. हेतू एवढाच, की स्वस्त आणि कडक दारू ढोसणाऱ्याचा हात आखडावा. स्कॉटलंडने हेच २०१८ मध्ये केले होते, आणि तेथील आरोग्य खात्याच्या २०२३ च्या अहवालाने दारूपायी होणारे मृत्यू त्यामुळे घटल्याचे सांगितले. पुढे १ फेब्रुवारी २०२४ पासून आयर्लंडमध्ये डब्यांवर आणि प्लास्टिकच्या बाटल्यांवर अनामत आली, अर्ध्या लिटरपर्यंतच्या डब्याला पंधरा सेंट. रिकामा डबा यंत्रात टाकला की ती परत मिळते. तिसरी गोष्ट बाटलीवरच्या चिठ्ठीची. कर्करोगाचा इशारा छापण्याचा नियम २०२३ मध्ये झाला, तो २०२६ मध्ये लागू व्हावयाचा होता. २०२५ मध्ये सरकारने तो २०२८ पर्यंत पुढे ढकलला. व्यापाराच्या चिंतेने ढकलला, हे उघड आहे, आणि आम्हांस ते पटलेले नाही.

पण पाहा, यांतली एकही गोष्ट घरातल्या पिंपापर्यंत पोहोचत नाही. घरच्या बियरला किमान किंमत नाही, अनामत नाही, चिठ्ठी नाही, करही नाही. आमच्या भाच्याने हिशेब मांडून पाठविला, तो असा. एका खेपेस २३ लिटर बियर होते, म्हणजे अर्ध्या लिटरच्या ४६ बाटल्या. दुकानात तेवढ्या बियरला कमीत कमी ९० युरो पडतात. घरी माल्ट, हॉप्स आणि यीस्ट मिळून त्यास तीसेक युरो खर्च. स्टीलचे पिंप दोनशे युरोंचे घेतले तरी चार खेपांत त्याची किंमत फिटते. हिशेब चोख आहे. वर्गात कोणी असा मांडला असता तर आम्ही पूर्ण गुण दिले असते.

फक्त या हिशेबात एक खोट आहे. यात बचत व्हावयाची तर बियर प्यावी लागते. जितकी अधिक प्यावी तितकी बचत अधिक! दारूचा खप आवरावा म्हणून बांधलेली किंमत एका सुशिक्षित, नाकासमोर चालणाऱ्या मुलाला मोठे पिंप विकत घेण्याचे कारण पुरवते, हे त्या कायद्याच्या कर्त्यांच्या ध्यानी आले असेल काय?

त्याच २३ लिटरांकडे दुसऱ्या बाजूने पाहू. आयर्लंडच्या आरोग्य सेवेने दहा ग्रॅम मद्यार्काचे एक माप धरले आहे, आणि पुरुषाने आठवड्यात १७, स्त्रीने ११ मापांवर जाऊ नये असे सांगितले आहे. पाच टक्क्यांच्या २३ लिटर बियरमध्ये सुमारे ९०७ ग्रॅम मद्यार्क, म्हणजे नव्वद मापे. एकट्या पुरुषाला ती पाच आठवड्यांहून अधिक पुरावयास हवीत. आंबवण्यास लागतात दोन आठवडे. पिंप रिकामे होताच पुन्हा भरत गेले तर आठवड्याला ४५ मापे निघतात. ती कोण पिणार? मित्र येतील, असे भाचा म्हणतो. मित्र येतात खरे, पण दर पंधरवड्याला ४६ बाटल्यांचे मित्र कोणाजवळ असतात?

म्हणून आम्ही त्यास कळविले, की आधी किती लिटरचे ते ठरव, स्टीलचा विचार मागाहून. चार टक्क्यांची बारा लिटरची खेप घेतली तर ३८ मापे होतात. बाटल्यांत भरून त्यांना वायू धरेपर्यंत आणखी दोन आठवडे जातात. एक खेप पिऊन झाल्यावरच दुसरी लावावयाची असा नेम ठेवला तर आठवड्याला नऊ-दहा मापे, तीही पाहुणा न आला तर. नेम मोडून पिंप सतत भरते ठेवले तरी एकोणीस. मर्यादा थोडी ओलांडली जाईल, पण पंचेचाळीस होणार नाही. दुकानातल्या डब्याला सरकारने किंमत बांधली, तशी घरच्या बियरला मर्यादा घालणारे एकच आहे, ते म्हणजे पिंपाचे पोट. बारा लिटरांसाठी पंधरा-सोळा लिटरचे पिंप पुरते. वर जागा राखावीच लागते, कारण आंबताना फेस चढतो.

आता स्टीलबद्दल, कारण मूळ प्रश्न तोच होता. प्लास्टिकची बादली वीस-पंचवीस युरोत मिळते आणि पहिल्या चार-सहा खेपांना ती वाईट नाही. पण घासून घासून तिला ओरखडे पडतात, त्यांत जंतू घर करतात आणि बियर आंबट निघू लागते. काचेचा मोठा बाटला सुंदर दिसतो आणि ओल्या हातातून निसटला की माणसाला जखमी करतो. स्टील टिकते, उकळते पाणी सोसते, उजेड आत येऊ देत नाही. वेस्टमीथ हा गाईगुरांचा मुलूख. तेथील शेतकरी दूध स्टीलच्याच टाक्यांत साठवतात. ही काही शौकिनांची चैन आहे असे नाही.

मात्र चकाकीवर जाऊ नये. खाण्यापिण्याच्या भांड्यांना ३०४ नंबरचे स्टील हवे, ज्यात सुमारे अठरा टक्के क्रोमियम आणि आठ टक्के निकेल असते. निकेल महाग, म्हणून ते कमी करून मँगनीज घातलेले दोनशेच्या मालिकेतले स्टील निघाले. भारतात त्याची भांडी पुष्कळ खपतात. ते दिसते तसेच, पण आंबट पदार्थापुढे कमी टिकते. आपल्या बायका भांडे घेताना लोहचुंबक लावून पाहतात. ती परीक्षा येथे फसते. दोनशेच्या मालिकेलाही चुंबक चिकटत नाही, आणि उलट अस्सल ३०४ ला ठोकून वाकवलेल्या कडेपाशी तो किंचित धरतो. तेव्हा विकणाऱ्याकडून नंबर लेखी मागावा.

त्यानंतर हात आत घालून पाहावे. वेल्डिंगचा जोड आतून गुळगुळीत घासलेला आहे की बोटाला टोचतो? टोचला तर पिंप परत. त्या खडबडीत रेषेतच घाण बसते आणि ती कोणत्याही पावडरीने निघत नाही. तोटीचीही तीच गत. गोल दट्ट्याची तोटी बाहेरून धुतलेली दिसते आणि आत मागल्या खेपेचे पाणी धरून बसते. म्हणून पूर्ण सुटी होणारी, कडी काढून उघडणारी तोटीच घ्यावी. झाकण एवढे रुंद असावे की कोपरापर्यंत हात आत जाईल. खाली निमुळते होत जाणारे शंकूसारखे पिंप असले तर बसलेले यीस्ट खालून काढता येते. सोय चांगली, पण बारा लिटरांसाठी तिची मोठीशी गरज नाही, आणि धुण्याचे सांधे वाढतात ते निराळेच.

एका गोष्टीत हयगय चालणार नाही. आंबताना मद्यार्काच्या जवळजवळ वजनाइतकाच कर्बवायू निघतो. २३ लिटरच्या त्या मोठ्या खेपेतून साडेचारशे लिटरांहून अधिक वायू बाहेर पडतो. साध्या पिंपाचे झाकण घट्ट आवळून वाट बंद केली तर ते फुटेल. दाब सोसणारी पिंपे निराळी असतात, त्यांवर किती दाब ते कोरलेले असते आणि दाब सोडणारी झडप बसवलेली असते. भाच्याने साधे घ्यावे आणि झाकणाला पाण्याची नळी लावावी, ज्यातून वायू बुडबुड करीत जातो आणि बाहेरची हवा आत येत नाही.

मलिंगारचे म्हणून एक-दोन मुद्दे राहतात. गावाला पाणी ओवेल सरोवरातून येते, आणि तो सगळा मुलूख चुनखडीचा. जड पाण्याने स्टीलवर पांढरा थर धरतो. तो तारेच्या घासणीने खरवडू नये, क्लोरीनचे पाणी तर मुळीच लावू नये, कारण त्याने स्टीलला बारीक खड्डे पडतात. लिंबाच्या सत्वाने तो सहज निघतो. दुसरे म्हणजे तेथील थंडी. स्टील उष्णता धरून ठेवत नाही, खोली गारठली की आतला माल गारठतो आणि यीस्ट झोपी जाते. साध्या बियरला अठरा ते वीस अंश हवेत. तेव्हा पिंप गॅरेजात न ठेवता घरात, आणि जुन्या घोंगडीत गुंडाळून.

गावाच्या आयरिश नावाचा अर्थ उलट्या बाजूने फिरणारी गिरणी असा आहे, हे भाच्यानेच मागे कळविले होते. सेंट कोलमनची गिरणी सरळ सोडून उलटी फिरली अशी तेथे कथा सांगतात.

त्याचे उत्तर परवा आले. मोठ्या पिंपाची मागणी त्याने रद्द केली आहे आणि सोळा लिटरचे, सुट्या तोटीचे एक पाहून ठेवले आहे. नंबर लेखी मागितला, तर दुकानदार दोन दिवस गप्प होता, मग कागद आला, ३०४. खाली एक ओळ होती : "आजीला सांगा, भट्टी नाही, आंबोळीचेच पीठ आहे." मातोश्रींना आम्ही ती वाचून दाखविली. त्यांनी विचारले, आंबोळीसाठी सोळा लिटर कशाला लागतात?