टोमॅटोचा भाव आणि शासनाची जाग

जुलै २०२३ मध्ये टोमॅटो किलोला १०० रुपयांच्या वर गेला, तेव्हा केंद्र शासनाने दिल्लीसह काही शहरांत तो ९० रुपयांनी विकावयास काढला. सप्टेंबरात नाशिक जिल्ह्यातील शेतकऱ्यांवर तोच माल रस्त्यावर ओतण्याची पाळी आली; ती तत्परता तेव्हा दिसली नाही.

महागाईचे खापर साठेबाजांवर फोडणे सोपे असते. परंतु हे नाशवंत फळ साठविणार किती दिवस? पारा ३५ अंशांपलीकडे गेला आणि रात्रीही उष्ण राहिल्या की फूल गळते, फळधारणा घटते. उन्हाळी टंचाईचे एक मूळ येथे आहे. मग चढा भाव पाहून सारेच लागवड करतात, दोनेक महिन्यांनी तोडे एकदमच सुरू होतात आणि भाव कोसळतो. अर्थशास्त्र या चक्राला कोळ्याच्या जाळ्याची उपमा देते.

२०१८ च्या अर्थसंकल्पात टोमॅटो, कांदा व बटाटा यांसाठी ‘ऑपरेशन ग्रीन्स’ योजनेला ५०० कोटी रुपये दिले गेले. हेतू योग्यच होता. तथापि पडत्या भावात खरेदी आणि प्रक्रिया यांची हमी नसेल, तर पोळलेला शेतकरी लागवड आवरती घेईल. आणि पुढील टंचाईची झळ ग्राहकालाच लागेल.